संशयाचा फायदा समोरच्याला

टेनिसच्या नियमांत एक साधीशी तरतूद आहे. टीव्हीवर विम्बल्डन बघणाऱ्या बहुतेकांच्या ती गावीही नसते. ज्या सामन्याला पंच नसतो, तिथे नेटच्या आपल्या बाजूला पडलेला प्रत्येक चेंडू आत की बाहेर, हे खेळाडूनं स्वतःच सांगायचं असतं. म्हणजे समोरच्याचा फटका चुकला की नाही हे कोण ठरवणार, तर तो चुकला असता ज्याला पॉइंट मिळणार आहे तोच. आणि नीट दिसलं नसेल तर? तर चेंडू आत. संशयाचा फायदा समोरच्याला.

मी पुण्यात लहान मुलांना टेनिस शिकवतो. सहा ते चौदा वर्षांची मुलं, सकाळी शाळेआधी एक बॅच, संध्याकाळी दोन. गेली सतरा वर्षं हाच उद्योग आहे. ग्रिप कशी धरायची, सर्व्हिसचा टॉस किती उंच टाकायचा, बॅकहँडला पाय कुठे ठेवायचा, हे सगळं शिकवण्याच्या पद्धती ठरलेल्या आहेत. त्यांची पुस्तकं आहेत, कोर्सेस आहेत, व्हिडिओ आहेत. वर सांगितलेलं ते एक वाक्य मुलांना कसं शिकवायचं, आणि मुळात ते शिकवायचा मला अधिकार काय, हे मात्र कुठल्या कोर्समध्ये कुणी सांगितलं नाही. हा लेख त्या अधिकाराबद्दल आहे.

आधी परिस्थिती सांगतो. अगदी लहान मुलं लाल चेंडूनं खेळतात. तो नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा ७५ टक्के मंद असतो आणि कोर्टही जेमतेम ३६ फूट लांबीचं. मग केशरी चेंडू, मग हिरवा. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं २०१२पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांना हे मंद चेंडू सक्तीचे केले आहेत. या वयात आत-बाहेरचा प्रश्न फारसा येत नाही. चेंडू नेटपलीकडे गेला याचाच आनंद असतो, आणि निवाडा करायला मी उभा असतो. मग पिवळा चेंडू येतो, पूर्ण कोर्ट येतं, ७८ फूट लांब आणि एकेरीसाठी २७ फूट रुंद. बारा वर्षांखालच्या स्पर्धा सुरू होतात. तिथे बहुतेक सामन्यांना खुर्चीवर पंच नसतो. चार-सहा कोर्टांवर मिळून एखादा अधिकारी फिरत असतो. चेंडूची कड रेषेला केसभर जरी टेकली तरी तो आत धरायचा असतो. सिंथेटिक कोर्टावर खूणही उमटत नाही. धावत आलेल्या दहा वर्षांच्या पोरानं परतीचा फटका मारता मारताच हे बघायचं, ठरवायचं आणि समोरच्याला ऐकू जाईल असं ओरडून सांगायचं. बाहेर जाळीला नाक लावून आई-बाबा उभे असतात. त्यांना आणि मला बोलायला बंदी असते.

आपल्या सगळ्या व्यवस्था नेमक्या याच्या उलट तत्त्वावर उभ्या आहेत. स्वतःच्या खटल्यात कुणी न्यायाधीश होऊ नये, हे कायद्याचं फार जुनं सूत्र आहे. दहावीचे पेपर आपल्याच शाळेतले शिक्षक तपासत नाहीत, ठेकेदाराच्या कामाची मोजणी ठेकेदार करत नाही. कारण 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं' ही माणसाची रीत आहे, हे आपण धरूनच चालतो. गल्ली क्रिकेटमध्ये बॅटिंग करणाऱ्या टीमचाच पोरगा अंपायर असतो हे खरं. पण तिथे आजूबाजूला दहा जण आरडाओरडा करायला असतात आणि फारच रडीचा डाव झाला तर ज्याची बॅट आहे तो बॅट घेऊन घरी जातो. टेनिसच्या कोर्टावर दोनच मुलं असतात आणि मध्ये नेट. ओरडणारं कुणी नाही, आणि बॅट घेऊन घरी जाता येत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकणारी अकरा वर्षांची एक मुलगी दुसऱ्या शहरातला सामना हरून आली. सोमवारी बास्केटमध्ये चेंडू गोळा करता करता तिनं विचारलं, "सर, तिनं माझे चार बॉल आउट दिले. चारही आत होते. मी तिचे सगळे नीट दिले. मी काय करायला हवं होतं?" तिच्या वडिलांनी तिला परतीच्या प्रवासात उत्तर देऊन टाकलं होतं: तिनं एक घेतला तर आपण दोन घ्यायचे.

हे वडील लबाड नव्हते. ते एका कंपनीत नोकरी करत होते. मुलीच्या स्पर्धांसाठी रजा साठवायचे, रात्रीच्या गाडीनं जायचे, स्वस्तातलं लॉज शोधायचे. प्रवेश फी, रॅकेटचं स्ट्रिंगिंग, बूट, हा खर्च महिन्याच्या पगारातून काढायचा म्हणजे काय हे त्यांना विचारावं. त्यांच्या डोळ्यांदेखत मुलीचे चार पॉइंट गेले होते. अशा माणसासमोर उभं राहून 'प्रामाणिकपणा सोडू नका' म्हणणं मला फार सोपं आहे. रँकिंग माझं जात नाही, रजा माझी खर्च होत नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावं तसं मी त्यांच्या मुलीच्या पॉइंटांवर माझं तत्त्व ठेवणार. माझ्या कामातला खरा नैतिक प्रश्न मला इथे दिसतो. स्वतः प्रामाणिक राहणं ही एक गोष्ट झाली. दुसऱ्याच्या लेकराला, त्याचं नुकसान होणार हे दिसत असताना, प्रामाणिक राहायला शिकवणं ही निराळी.

याचं सगळ्यात लोकप्रिय उत्तर म्हणजे 'प्रामाणिकपणाचं फळ मिळतंच'. त्यासाठी टेनिसमध्ये एक सुंदर गोष्टही तयार आहे. १९८२च्या फ्रेंच ओपनची उपांत्य फेरी. सतरा वर्षांचा स्वीडिश मुलगा मॅट्स विलँडर अर्जेंटिनाच्या होझे लुईस क्लेर्कविरुद्ध मॅच पॉइंटवर होता. क्लेर्कचा फटका बाहेर दिला गेला, सामना संपला. विलँडर पंचांना म्हणाला की चेंडू आत होता, पॉइंट पुन्हा खेळू. पुन्हा खेळले, तोही पॉइंट विलँडरनंच जिंकला आणि पुढे स्पर्धाही जिंकली. ही गोष्ट मुलांना सांगितली की त्यांचे चेहरे उजळतात.

पण तिच्याशेजारी दुसरी गोष्टही सांगावी लागते. २००५, रोम. अँडी रॉडिक स्पेनच्या फर्नांडो व्हर्डास्कोविरुद्ध मॅच पॉइंटवर होता. व्हर्डास्कोची दुसरी सर्व्हिस बाहेर दिली गेली. डबल फॉल्ट, सामना रॉडिकचा. रॉडिकनं स्वतः मातीवरची खूण दाखवून सांगितलं की सर्व्हिस आत होती. खेळ पुढे सुरू झाला आणि रॉडिक तो सामना हरला. फक्त विलँडरची गोष्ट सांगून थांबलो तर मी मुलांची फसवणूक करतो. शिवाय दोघांचीही कोर्टं मातीची होती, खूण दिसत होती, आणि बघायला हजारो लोक होते. हरणाऱ्यालाही टाळ्या मिळाल्या. चार नंबरच्या कोर्टावर सकाळी साडेआठला हरलेल्या मुलीसाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. त्यामुळे फळाचा युक्तिवाद मी सोडून दिला आहे. फळ मिळेल असं मी कुणालाही सांगत नाही.

मग उरतं काय? मला वाटतं, उत्तराची सुरुवात नैतिकतेपासून करूच नये. ती डोळ्यांपासून करावी.

२००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी विम्बल्डनमधले चार हजारांहून जास्त पॉइंट तपासले. लाइनवरच्या व्यावसायिक पंचांचे ८३ निर्णय त्यांना चुकीचे आढळले. नुसता योगायोग असता तर आतला चेंडू बाहेर देण्याच्या आणि बाहेरचा आत देण्याच्या चुका साधारण सारख्या निघायला हव्या होत्या. पण ८३ पैकी ७० वेळा आत पडलेला चेंडू बाहेर दिला गेला होता. संशोधकांचं स्पष्टीकरण असं की वेगानं जाणारी वस्तू आपल्याला ती जिथे असते त्याच्या थोडी पुढे, तिच्या जाण्याच्या दिशेला सरकलेली दिसते. चेंडू बाहेरच्या दिशेनं चाललेला असतो, म्हणून तो प्रत्यक्ष टप्प्याच्या जरा बाहेरच टेकलेला वाटतो. हे पंच प्रशिक्षित होते, जागेवर बसलेले होते, आणि कोण जिंकतं याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. आता त्यांच्या जागी धापा टाकणारं, जिंकायला आसुसलेलं दहा वर्षांचं मूल ठेवा.

हे वाचलं तेव्हा त्या जुन्या नियमाचा अर्थ माझ्यासाठी बदलला. 'संशयाचा फायदा समोरच्याला' हे वाक्य मी तोवर सभ्यपणाचं समजत होतो, पाहुण्याला आधी वाढावं तसं. पण ते त्याहून काटेकोर आहे. डोळा बाहेरच्या बाजूला झुकतो, इच्छाही बाहेरच्याच बाजूला झुकते, म्हणून नियम मुद्दाम आतल्या बाजूला झुकवला आहे. तराजूचं एक पारडं मुळातच जड असेल तर दुसऱ्यात पासंग टाकतात, तसा हा पासंग आहे. नियम करणाऱ्यांना मेंदूचं हे शास्त्र माहीत नसणार. अनुभव मात्र होता.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे लहान मुलांचे बहुतेक चुकीचे कॉल हे खोटं बोलणं नसतं. मुलाला चेंडू खरोखरच बाहेर दिसलेला असतो. म्हणून माझ्या कोर्टावर 'चीटर' हा शब्द वापरायचा नाही असा दंडक आहे. नियमही तेच म्हणतो: आउट म्हटल्यावर खेळाडूच्या लक्षात आलं की चेंडू आत होता आणि तसं त्यानं सांगितलं, तर पहिल्या वेळी पॉइंट पुन्हा खेळायचा, बशर्ते समोरच्याचा फटका तसाही पॉइंट जिंकणारा नसावा. त्याच सामन्यात पुन्हा तसं झालं तर पॉइंट जातो. पहिली चूक नियमाला मान्य आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे हे शिकवता येतं. उपदेशानं नाही, सरावानं. चेंडू पाण्यात बुडवून मी बेसलाइनच्या आसपास फीड करतो. कोरड्या कोर्टावर ओला ठसा उमटतो आणि मिनिटभर राहतो. एक मूल खेळतं, बाकीची रेषेच्या टोकाशी बसून बघतात. प्रत्येकानं तीनपैकी एक म्हणायचं: आत, आउट किंवा 'दिसला नाही'. मग सगळे जाऊन ठसा बघतात. पहिल्या दिवशी 'दिसला नाही' कुणीच म्हणत नाही. सगळ्यांना सगळं दिसलेलं असतं आणि निम्म्यांचं चुकलेलं असतं. 'पण सर, मी स्वतः बघितला ना!' असं म्हणणारा मुलगा ठशाकडे बघत उभा राहतो, तेव्हा खात्री वाटणं आणि खरं असणं यांतलं अंतर त्याला सेंटिमीटरमध्ये दिसत असतं. दोन-तीन आठवड्यांत 'दिसला नाही' ऐकू येऊ लागतं. आपल्याकडे वर्गात मुलांनी 'माहीत नाही' म्हटलं की ओरडा बसतो. ते म्हणायला शिकवण्यासाठी बादलीभर पाणी लागतं.

आता याच्या उलट बाजूची एक गोष्ट. जुन्या क्लबांमध्ये 'मार्कर' असतो. लहानपणी चेंडू उचलायला आलेला मुलगा, बघून बघून शिकलेला, पुढे सभासदांबरोबर खेळण्यासाठी पगारावर ठेवलेला. मला पहिलं टेनिस अशाच एका मार्करनं शिकवलं. त्याचा हात असा होता की आजही तसा फोरहँड मला जमत नाही. सभासदांशी खेळताना त्यांचा हातभर बाहेर पडलेला चेंडूही तो आत द्यायचा आणि वर 'गुड शॉट साहेब' म्हणायचा. संशयाचा फायदा नव्हे, निःसंशयाचाही फायदा समोरच्याला! पण त्याला कुणी प्रामाणिकपणा म्हणेल का? तो नोकरी सांभाळत होता. त्याच्या जागी तेच शहाणपण होतं, त्याला मी नावं ठेवणार नाही. मात्र त्याच्याकडे बघून एक गोष्ट कळली. पॉइंट सोडून देणं आणि खरं बोलणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुबळ्यानं बळकटाला दिलेली सूट बाहेरून उदारपणासारखीच दिसते.

माझ्याकडे अशी मुलं येतात. 'भांडू नकोस', 'जाऊ दे', 'मोठ्यांना उलटून बोलू नये' हे ऐकत वाढलेली. चेंडू वीतभर बाहेर पडला तरी समोरच्या उंच मुलीकडे बघून त्यांचा आवाज फुटत नाही, आणि घरचे म्हणतात, आमची पोर फार गुणी आहे. मी त्यांना सांगतो, बाहेरचा चेंडू आत देणं हाही खोटा कॉल आहे. नियमानं समोरच्याला फक्त संशय दिला आहे, खात्री दिलेली नाही. बोट वर, आवाज मोठा, आणि तोही लगेच: आउट. रेंगाळून दिलेला कॉल संशयातच मोजावा. मोठ्यानं 'आउट' म्हणायला शिकवण्यात माझा जितका वेळ जातो, तितका स्वतःच्या मोहाविरुद्ध 'आत' म्हणायला शिकवण्यातही जात नाही.

पण त्या मुलीचा प्रश्न अजून बाकीच आहे. समोरची मुलगी सरळ सरळ पॉइंट लाटत असेल तर? वडिलांच्या 'एकाला दोन'मध्ये एक हिशेब आहे आणि तो मूर्खपणाचा नाही. फसवण्याची किंमत मोजावी लागली तर समोरची थांबेल, निदान तोटा भरून निघेल. जगात बरेच व्यवहार असेच सरळ होतात.

मला तो हिशेब पटत नाही, त्याचं कारण असं. समोरच्याचा चेंडू माझ्या बाजूला पडतो त्या अर्ध्या सेकंदात मी खेळाडू नसतो. तेवढ्यापुरतं मला पंचाच्या खुर्चीवर बसवलेलं असतं, आणि ती खुर्ची समोरच्याच्या भरवशावर मिळालेली असते. मीही माझा चेंडू तिकडे पडताना तोच भरवसा ठेवत असतो. समोरच्यानं भरवसा मोडला तर माझं भांडण त्या खेळाडूशी आहे, आणि भांडायचा मला पूर्ण हक्क आहे. पण ते भांडण पंचाच्या खुर्चीवरून लढायचं नाही. शेजाऱ्यानं कुंपण दोन फूट आत सरकवलं म्हणून तलाठ्यानं स्वतःच्या सातबाऱ्यावर चार फूट वाढवून घेतले, तर त्याला आपण न्याय म्हणत नाही. शेजारी चोर असला तरीही. शिवाय समोरचा कॉल चुकीचा होता हे मी ठरवलं कुठून? ७८ फुटांवरून, माझ्याच डोळ्यांनी, माझ्याच इच्छेच्या भरात. जो डोळा दोन पावलांवर फसतो, तो कोर्टाच्या दुसऱ्या टोकावरून हमखास बरोबर कसा असेल?

मग भांडायचं कसं? त्यासाठीही नियम आहे, फक्त मुलं तो वापरत नाहीत. आधी विचारायचं: नक्की आउट? पुन्हा तसं झालं तर खेळ थांबवायचा, पंचांना बोलवायला जायचं, ते येईपर्यंत पुढची सर्व्हिस करायची नाही. ऐकायला सोपं वाटतं. अकरा वर्षांच्या मुलीसाठी हे फसवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. अनोळखी मोठ्या माणसाकडे जायचं, सगळ्यांचे डोळे आपल्यावर, समोरच्या मुलीची आई जाळीपलीकडून काहीतरी बोलते आहे, आणि तरी सांगायचं की सर, आमच्या कोर्टावर येऊन थांबा. म्हणून आम्ही याचीही तालीम करतो. मी आडमुठा खेळाडू होतो, एक मूल पंच होतं, एक जण जाळीबाहेरून ओरडणारा पालक होतो. या शेवटच्या भूमिकेसाठी भांडणं लागतात. त्या मुलीला मी हेच उत्तर दिलं: तू नीट दिलेले कॉल बरोबर होते, आणि दुसऱ्या वेळीच पंचांकडे जायला हवं होतंस. वडिलांना हेही सांगितलं की पंच येऊन दोन गेम उभे राहतील आणि निघून जातील, त्यानंतर काय होईल याची हमी नाही. ती पुढेही असे काही सामने हरली.

आता सुरुवातीचा प्रश्न. मला हे शिकवायचा अधिकार कुठून आला? मूल माझं नाही, त्याच्यावर काय संस्कार करायचे ते घरचे बघतील. बऱ्याच अकादम्यांच्या फलकांवर लिहिलेलं असतं की खेळानं चारित्र्य घडतं. मला ते तितकंसं खात्रीचं वाटत नाही. कोर्टावर काटेकोर कॉल देणारा मुलगा परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहीत असेल, मला काय कल्पना. त्यामुळे मी मुलांना प्रामाणिक माणूस बनवतो असा दावा मी करत नाही. माझा दावा लहान आहे. मी टेनिस शिकवतो, आणि पंच नसलेल्या टेनिसमध्ये कॉल देणं हा खेळाचाच भाग आहे. दोन टप्पे पडल्यावर चेंडू मारता येत नाही, सर्व्हिस करताना रेषेवर पाय पडता कामा नये, तसंच हे. दोन टप्प्यांनंतर मारून मोकळं हो, असं शिकवायला कुठला पालक मला सांगणार नाही. चेंडू आत असताना आउट म्हणायला शिकवणं हे मला त्याच जातीचं वाटतं. मुलानं स्पर्धा खेळावी की नाही, जिंकण्याला किती महत्त्व द्यावं, हरल्यावर घरी काय बोलावं, हे सगळं पालकांच्या हातात आहे. दुसराच कुठलातरी खेळ टेनिसच्या नावाखाली शिकवा, असं मात्र ते सांगू शकत नाहीत. या भूमिकेपायी काही विद्यार्थी गेले. एक वडील जाताना नम्रपणे म्हणाले, सर, तुमचं बरोबर आहे, पण मला मुलाला आजच्या जगासाठी तयार करायचंय. यावर वाद घालता येत नाही. मी त्यांना शुभेच्छा दिल्या.

हा सगळा प्रश्नच लवकर निकालात निघेल असं काही जण म्हणतात. वरच्या पातळीवर तो निघालाच आहे. २०२१च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये सगळ्या कोर्टांवर रेषांचा निवाडा कॅमेऱ्यांनी केला. २०२५मध्ये विम्बल्डननंही लाइनवरचे पंच काढून टाकले. ग्रँड स्लॅम स्पर्धांपैकी एकट्या फ्रेंच ओपननं त्या वर्षीही माणसंच ठेवली, कारण तिथल्या मातीवर खूण राहते. त्याच २०२५च्या विम्बल्डनमध्ये पाव्हल्युचेन्कोव्हा आणि कार्टाल यांच्या सामन्यात कोर्टाच्या एका बाजूची यंत्रणा माणसाच्या चुकीनं बंद राहिली. कार्टालचा उघड बाहेर पडलेला चेंडू यंत्रानं बाहेर दिलाच नाही. खुर्चीवरच्या पंचांनी शेवटी पॉइंट पुन्हा खेळायला लावला. ज्यांचे डोळे तिथे होते, त्या सगळ्यांनी यंत्राच्या आवाजाची वाट पाहिली होती.

उद्या आमच्या बारा वर्षांखालच्या स्पर्धांना कॅमेरे आले तर मी विरोध करणार नाही. चार पॉइंट गमावलेल्या मुलीला न्याय मिळणं हे माझ्या कुठल्याही तत्त्वापेक्षा मोठं आहे. पण त्याबरोबर काय जाईल हेही दिसतं. मुलाच्या सगळ्या आयुष्यात निवाडा दुसरे करत असतात. मार्क शिक्षक देतात, रँक संगणक लावतो, कोण हुशार आणि कोण वांड हे नातेवाईक ठरवतात. टेनिसचं कोर्ट ही अशी एक विचित्र जागा आहे जिथे दहा वर्षांच्या मुलाला खऱ्या अर्थानं अधिकार मिळतो, तोही प्रतिस्पर्ध्यावर, आणि तो कधीकधी स्वतःच्या विरोधात वापरावा लागतो. मोठ्या माणसांनाही असे अधिकार मिळतात. ते कसे वापरले जातात हे आपण रोज बघतो.

हल्ली नवीन मूल आलं की फीचं आणि वेळेचं बोलून झाल्यावर मी पालकांना ओल्या चेंडूचा सराव बघायला थांबवतो. तुम्हीही कॉल द्या, म्हणतो. बहुतेकांना आधी गंमत वाटते. पाच-सहा चेंडूंनंतर एखादी आई किंवा बाबा हळूच 'दिसला नाही' म्हणतात आणि आपल्याच मुलाकडे बघून हसतात. मग मी त्यांना नियम सांगतो, तो पाळल्यानं काही सामने जातील हेही सांगतो, आणि पंचांना बोलवायचा हक्क तुमच्या मुलाला आहे, त्या वेळी तुम्ही जाळीबाहेर गप्प राहायचं, हेही. काही जण दुसऱ्या दिवशी येत नाहीत. बाकीच्यांना मी सकाळी सहाला यायला सांगतो, सोबत पाण्याची बाटली आणि टोपी.